मदत हवी आहे: ख्रिसमस म्हणजे "मला काय मिळणार" हे पोराच्या डोक्यातून कसं काढू? परवा २५ तारीख आहे!!

सदरची_आई (२३ डिसेंबर, रात्री १०.४०)
सरळ मुद्द्यावर येते, डोकं आउट झालंय. मोठ्या पोराने सांताला लिहिलेल्या यादीत १७ वस्तू आहेत, सतरा, आणि १३ नंबरला "अजून एक सरप्राइज" असं लिहिलंय. धाकटी त्याचं बघून कागदावर नुसत्या रेघोट्या ओढते आणि म्हणते हे पण पाहिजे. डिसेंबर लागल्यापासून मी सांगून राहिली आहे की हा देण्याचा सण आहे, घेण्याचा नाही. तारे लावायचा तक्ता केला, कुणाला काही दिलं की एक तारा, दहा तारे झाले की मोठं चॉकलेट. उपयोग शून्य. रविवारी एक वस्तू द्यायला लावली तर नंतर इतका तमाशा झाला की विचारू नका. प्लीज प्रॅक्टिकल सांगा, "हळूहळू कळेल" वगैरे नको.

बर्डीवाला_भाऊ
विचारू नका कसं, विचारावंच लागेल ना. मुलांचं वय काय? काय द्यायला लावलं, कोणाला? तमाशा म्हणजे नेमकं काय झालं? अर्धी गोष्ट पोटात ठेवून उपाय मागून राहिल्या तुम्ही.

धरमपेठ_काकू
माझा आधी दुसराच प्रश्न, नाताळ तुमच्या घरचा आहे की शाळेत सांता येतो म्हणून? घरचा नसेल तर द्या सोडून, दसऱ्याला आपण सोनं वाटतोच, संक्रांत तीन आठवड्यांवर आली, तिळगूळ वाटायला पाठवा. आणि भुलाबाई तर आता कोणी करतच नाही, आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात गाणी झाली की खिरापतीचा डबा हलवून दाखवायचा, नुसत्या आवाजावरून आत काय ते सगळ्यांनी ओळखायचं, ओळखेपर्यंत वाटप नाही. एकदा माझ्या आईने डाळिंबाचे दाणे ठेवले होते तर अर्धा तास कोणालाच ओळखता आलं नाही, मला इतका अभिमान वाटला होता की माझ्या वाट्याला काही उरलं नाही हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

सदरची_आई
घरचाच आहे. नवरा ख्रिश्चन, मेकोसाबागचा, माझं माहेर भंडाऱ्याचं, दोन्हीकडचे सण होतात, तो मुद्दाच नाहीये. मोठा सहाचा, धाकटी साडेतीन. एक खेळणं दिलं होतं, आमच्या कामाच्या मावशींच्या मुलाला. आता उपाय सांगता का?

मेकोसाबाग_टेनर
अरे, म्हणजे आमच्याच मोहल्ल्याच्या सूनबाई! सासूबाईंना विचारा, आमच्या लहानपणी गिफ्ट हा प्रकारच नव्हता. नवे कपडे, रात्री कॅरलवाल्यांच्या मागे फिरणं आणि २४ च्या दुपारपासून फराळाची ताटं पोचवणं. करंज्या, शंकरपाळे, तळणीची गुलाबफुलं, वर क्रोशाचा रुमाल. माझ्या वाट्याला सात घरं, त्यात चार हिंदू, एक मुसलमान. वाटेत कडेच्या दोन करंज्या मी खायचो आणि खड्डा दिसू नये म्हणून शंकरपाळे पसरवून ठेवायचो. कोपऱ्यावरच्या आजी ताट कधी रिकामं परत करायच्या नाहीत, दोन संत्री नाहीतर मूठभर साखर टाकायच्याच. ताट पोराच्या हातात द्या, बेल त्यालाच वाजवू द्या, तुम्ही जिन्यात थांबा.

आणि सांताचीच खरी गोष्ट सांगा ना त्याला. संत निकोलस, चौथ्या शतकातला, मायरा गावचा बिशप, ते गाव आज तुर्कस्तानात येतं. एका माणसाकडे तीन मुलींच्या लग्नाला पैसे नव्हते तर याने रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या अशी आख्यायिका आहे. गुपचूप, हे महत्त्वाचं. पोरांना चोरून काही करायला भारी आवडतं.

अजनीचा_अभ्यासू
तो ताऱ्यांचा तक्ता आज रात्रीच फाडा. २००८ साली जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या लोकांनी २० महिन्यांच्या मुलांवर प्रयोग केला होता, मदत केल्यावर ज्यांना बक्षीस मिळालं त्या मुलांनी नंतर बक्षीस बंद झाल्यावर मदत करणं कमी केलं, ज्यांना काहीच मिळालं नव्हतं ती करतच राहिली. तुम्ही चॉकलेट लावून त्याला घ्यायलाच शिकवून राहिल्या. दुसरा २०१२ चा, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा, दोन वर्षांच्या आतली मुलं, त्यांना वाटीत खाऊ दिला आणि समोर एक बाहुलं. मुलं स्वतःच्या वाटीतला खाऊ बाहुल्याला देताना जास्त खूश दिसली, स्वतःला मिळाला तेव्हापेक्षा.

बर्डीवाला_भाऊ
कॅनडातलं पोरगं बाहुल्याला बिस्किट देऊन राहिलं, बाहुलं काय खाणार बाप्पा? इथे पोराला त्याची वस्तू जिवंत पोराला द्यायची आहे. माझा अनुभव ऐका, मी माझ्या दोघांना दर वर्षी वाढदिवसाला अनाथाश्रमात नेतो, त्यांच्याच हाताने वह्या वाटतो, फोटो काढतो, घरी लावतो. पोरं सरळ झाली.

खामला_वकीलीण
ते फोटो काढून टाका भाऊ. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४, अशा संस्थेतल्या मुलांची ओळख उघड होईल असा फोटो छापणं-पसरवणं गुन्हा आहे, आणि तुम्ही ते स्टेटसला ठेवत असणार. कायदा बाजूला ठेवला तरी, ती मुलं तुमच्या मुलांना सरळ करायला बसलेली नाहीत तिथे.

बर्डीवाला_भाऊ
स्टेटसला नाही ठेवत, फॅमिली ग्रुपवर टाकतो फक्त. चांगलं करायला जा आणि कलम ऐका.

सीए_सीताबर्डी
संस्थेला देणगी देणार असाल तर करसवलतीची पावती विसरू नका, आणि २००० रुपयांच्या वर रोख देऊ नका, सूट मिळत नाही. चेक किंवा यूपीआय करा. नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर तसंही काही मिळणार नाही.

सदरची_आई
सर, कोणी देणगी देऊन नाही राहिलं!!

काटोल_संत्रावाला
ताई आता अंबिया बहाराची संत्री आहेत बाजारात, एक कॅरेट आणा, मोठ्याला पाच-पाच मोजून पिशव्या भरायला लावा, वॉचमन, दूधवाला, कचऱ्याची गाडीवाला, इस्त्रीवाला. सतराच्या यादीसमोर सतरा नावांची यादी करा म्हणा. संत्र्यात पोराचा जीव अडकलेला नसतो म्हणून तमाशा होत नाही, आणि मोजायला पण शिकते लेकरू.

अजनीचा_अभ्यासू
हेच म्हणतो मी, पण ज्यात जीव अडकलेला नाही ते दिलं तर ते देणं कुठे झालं? प्रयोगात खाऊ *स्वतःच्या* वाटीतला होता.

काटोल_संत्रावाला
तुमची संत्र्याची बाग नाही म्हणून असं म्हणता.

मानकापूर_मिडऑन
२६ ला बॉक्सिंग डे, त्यात ते बॉक्स म्हणजे इंग्लंडात नोकरमाणसांना, पोस्टमनला बक्षिसाचा डबा द्यायचे त्याचा. मारामारीचा काही संबंध नाही. मेलबर्नची टेस्ट पहाटे पाचला सुरू, अलार्म लावा.

धरमपेठ_काकू
विषय भरकटवू नका. सदरची आई, तमाशाचं तुम्ही अजून सांगितलंच नाही. खेळणं कोणतं होतं? कोणी निवडलं?

सदरची_आई (रात्री १२.१५)
मीच निवडलं, अजून कोण निवडणार. लाल रिमोटची गाडी. दोन महिने पलंगाखाली पडून होती, सेल संपलेले, कोणी बघत नव्हतं. मावशींचा मुलगा सातचा आहे, रविवारी त्या त्याला घेऊन आल्या होत्या. मोठ्याने दिली नीट, "मेरी ख्रिसमस" पण म्हणाला, मी फोटो काढला (हो वकीलीणबाई, काढला). रात्री जेवताना रडायला लागला की माझी गाडी. सोमवारी सकाळी मावशी आल्या तर दारातच उभा, "माझी गाडी आणली का?" मी त्याला आत ओढलं, एक रट्टा दिला. मावशी काही बोलल्या नाहीत, भांडी घासून गेल्या.

आज सकाळी गाडी परत घेऊन आल्या. कापडी पिशवीत, चाकं पुसलेली. म्हणाल्या, "राहू द्या ताई, लेकराचा जीव होता त्याच्यात." मी नको नको म्हणाली पण त्यांनी टेबलावर ठेवली आणि कामाला लागल्या. मोठ्याने रिमोट दाबला तर गाडी सुटली सुसाट. त्यांनी नवे सेल टाकले होते आत. मी संपलेल्या सेलची दिली होती हे माझ्या लक्षात पण नव्हतं.

ही गोष्ट लिहायची नव्हती मला.

मेकोसाबाग_टेनर
आता कळलं.

खामला_वकीलीण
पोराला यातून काढा, रट्टा तर अजिबातच त्याचा नव्हता. वस्तू त्याची, निवड तुमची, नाव त्याचं, फोटो तुमचा. तो सहा वर्षांचा आहे, त्याला वाटलं खेळायला दिली. उद्या मावशींशी तुम्ही बोला, मुलाला पुढे करून नको. सॉरी म्हणताना बोनस वगैरे हातात कोंबू नका.

बर्डीवाला_भाऊ
बोनस का नाही द्यायचा? द्या. सणाचे पैसे दिलेच पाहिजेत, आम्ही दिवाळीला एक पगार देतो.

खामला_वकीलीण
द्याच, पण सॉरीच्या पाकिटात नको. वेगळ्या दिवशी.

धरमपेठ_काकू
आणि त्याला विचारा की तुला काय द्यावंसं वाटतं. जे म्हणेल ते. वाकडं-तिकडं असलं तरी चालवून घ्या.

सदरची_आई (२४ डिसेंबर, रात्री ८.५०)
अपडेट देते, घरात पाहुणे आहेत म्हणून थोडक्यात. तक्ता काढला, धाकटीने तारे स्वतःच्या पोटावर चिकटवून घेतले. मावशींशी बोलली सकाळी, ओट्यापाशी, नीट जमलं नाही, मलाच रडू आलं आणि त्या म्हणाल्या चहा ठेवू का. मोठ्याला विचारलं तर तो म्हणे गाडी नाही देणार, पण उद्या त्याला चालवायला बोलाव, पहिला नंबर त्याचा. आणि टेबलाखालचा रस्ता मी बनवतो. मावशी म्हणाल्या बघते. येतील की नाही माहीत नाही. दुपारपासून खोके कापून रस्ता चालू आहे, सतराची यादी पण त्यात कापली गेली, टोलनाका झालाय तिचा.

आता प्रॉब्लेम असा की दोन दिवस चालवून चालवून त्याने मावशींचे सेल पार संपवले. गाडीत जाडे लागतात, रिमोटमध्ये बारीक. आत्ता सदरमध्ये कुठे मिळतील?

काटोल_संत्रावाला
कोणत्याही किराणा दुकानात. बारीकचं पाकीट घ्या, सुटे घेऊ नका.

सीए_सीताबर्डी
बिल घ्या.