चिंगी पोट चाटून चाटून केस घालवतेय

प्रश्न (जुळे सोलापूर): आमची मांजर चिंगी पोट, मांड्या सतत चाटते. केस गेलेत, कातडी लाल झालीय. उन्हाळ्यामुळं असेल का? बघून जीव तुटतो. दिवसभर चादरीवरच पडून असते.

उत्तर: ताई, आधी पिसवा बघा. शेपटीच्या मुळाशी बारीक फणी फिरवा. निघालेली काळी पूड ओल्या कापसावर ठेवा. तांबडं पसरलं तर पिसवांचीच घाण. चादर गरम पाण्यात धुवा. कुत्र्याचं पर्मेथ्रिनवालं (पिसवा मारायचं रसायन) औषध मांजराला अजिबात लावू नका, जीव जातो!

उत्तर: फिनाइलनं फरशी पुसणंही थांबवा. पंजे चाटताना पोटात जातं.

प्रश्नकर्ती: कापूस तांबडा झाला! उद्याच डॉक्टरांकडं नेते.

उत्तर: घरातल्या बाकीच्या मांजरांनाही औषध लागेल, तेही विचारा.