मदत हवी आहे: व्हॅनिटी फेअरमधलं शेवटाकडचं चित्र कसं वाचायचं?

मंडळी, थोडी मदत हवी होती. इंग्रज लेखक थॅकरेची व्हॅनिटी फेअर ही कादंबरी वाचून संपवली, १८४७-४८ मध्ये दर महिन्याला हप्त्याने आलेली, आणि चित्रं खुद्द थॅकरेनेच काढलेली. तर शेवटाकडे एक चित्र आहे, जॉस सेडली हा श्रीमंत, भित्रा माणूस त्याच्या मेहुण्यापुढे, डॉबिनपुढे, गयावया करतोय आणि मागे पडद्याआड कादंबरीची धूर्त नायिका बेकी उभी, हातात काहीतरी धरलंय. खाली ओळ आहे की हा बेकीचा क्लायटेम्नेस्ट्रा म्हणून दुसरा प्रवेश. पहिला प्रवेश लॉर्ड स्टाइनच्या घरच्या नाटुकल्यात झालेला, आणि क्लायटेम्नेस्ट्रा म्हणजे ग्रीक पुराणातली नवऱ्याला मारणारी बाई! पण मजकुरात कुठेच लिहिलेलं नाही की बेकीने जॉसला मारलं, फक्त त्याचा मृत्यू आणि विम्याचे पैसे. मी ते पान तीनदा उलटसुलट वाचलं.

मग निवाडा चित्राने दिला असं समजायचं का? की वाचकाच्या मनात संशय पेरून थॅकरे बाजूला झाला? डिकन्सच्या ब्लीक हाऊस कादंबरीत चित्रकार फिझने टल्किंगहॉर्न या वकिलाच्या खोलीच्या छतावरचा बोट दाखवणारा रोमन काढलाय, पण तो मुळात मजकुरातच आहे, इथे तसं नाही, म्हणून जास्त अडलंय.

कुणी यावर अभ्यास केला असेल तर प्लीज सांगा, चित्रातला पुरावा कितपत धरायचा? आणि माझ्या स्वस्त पेपरबॅकमध्ये चित्रंच नाहीत, नेटवर शोधून बघावी लागली, सगळी चित्रं असलेली चांगली आवृत्ती कुठली घेऊ?