ओमाहाच्या वाटेवर तुमचा संघ: कॉलेज बेसबॉल अनुभव धागा

ओमाहावारी

लोकहो, अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेची ६४ संघांची यादी सोमवारी लागतेय आणि शुक्रवारी १६ ठिकाणी रीजनल, म्हणजे पहिली फेरी, सुरू होतेय. ऑस्टिन, नॅशव्हिल, बॅटन रूज, फेयेटव्हिल, कॉर्व्हॅलिस अशा गावांत शिकायला किंवा नोकरीला आलेले आणि बघता बघता तिथल्या संघाचे झालेले बरेच मराठी लोक इथे आहेत. तुमचा संघ उतरण्याआधी तुम्ही काय बघता, कशाचा हिशेब मांडता, तो कुठे चुकतो, हे नेमकं लिहा. जुन्या आठवणींसाठी वेगळा धागा आहे.

नव्यांसाठी: रीजनलमध्ये एक ते चार क्रमांक दिलेले चार संघ (पहिला सहसा यजमान), दोनदा हरलात की बाहेर. तिथून आलेले १६ संघ सुपर रीजनलमध्ये दोघा-दोघांत तीनपैकी दोन सामने खेळतात. उरलेले आठ शेवटच्या टप्प्याला, कॉलेज वर्ल्ड सिरीजला, नेब्रास्कातल्या ओमाहाला. तिथे चार-चारचे दोन गट, पुन्हा दोन पराभवांचा नियम, आणि २००३पासून अंतिम फेरीही तीनपैकी दोन सामन्यांची.

जांभळा सोनेरी

आम्ही एलएसयूवाले (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, बॅटन रूज) सगळ्यात आधी पिचरांचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचा, तक्ता मांडतो. फलंदाजी नंतर. कागदावर डावीकडे पिचरांची नावं, वर तारखा, आणि प्रत्येक चौकोनात त्या दिवशी टाकलेले चेंडू. शंभराच्या आसपास चेंडू टाकलेला स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) पुढचे चार दिवस धरायचाच नाही. कॉलेजमध्ये त्याला आठवड्यातून एकदाच टाकायची सवय असते, त्यामुळे चौथ्या दिवशी उतरवला तरी वेग दोन-तीन मैलांनी पडलेला दिसतो. बुलपेनमधल्या (मध्येच बदली म्हणून येणाऱ्या) मुलाने १५ चेंडू टाकले असतील तर दुसऱ्या दिवशी तो येऊ शकतो. ३०-३५च्या वर गेला की एक दिवस सुट्टी धरा.

आता हे वेळापत्रकावर ठेवा. ओमाहात एका गटाची सुरुवात शुक्रवारी होते, दुसऱ्याची शनिवारी. न हरणारा संघ पहिल्या गटात शुक्रवार, रविवार, बुधवार असा खेळतो, दुसऱ्या गटात शनिवार, सोमवार, बुधवार. म्हणजे अंतिम फेरीच्या शनिवारआधी तीनच सामने आणि तीनच स्टार्टर. २०२५मध्ये एलएसयूचं नेमकं असंच जमलं. केड अँडरसन १४ जूनला आर्कान्सासविरुद्ध टाकून गेला तो थेट २१ तारखेला अंतिम फेरीत आला आणि कोस्टल कॅरोलायनाला पूर्ण सामन्यात एकही धाव न देता १-० असं संपवलं. पूर्ण सात दिवसांनी आलेला हात होता तो!

एक पराभव झाला की काय होतं त्यासाठी २०२३ बघा. सोमवारी वेक फॉरेस्टकडून ३-२ हार. मग मंगळवार, बुधवार, गुरुवार असे सलग तीन सामने, हरलं की घरी. आमचा एक नंबरचा पिचर पॉल स्कीन्सला गुरुवारी काढावंच लागलं. त्याने आठ इनिंग शून्यावर टाकल्या (एरवी सामना नऊ इनिंगचा), समोर र्‍हेट लाउडरनेही सात, आणि अकराव्या इनिंगमध्ये आमच्या टॉमी व्हाइटच्या होम रनवर (कुंपणापलीकडचा फटका) २-० सुटका झाली. पण अंतिम फेरीला स्कीन्स उरला नाही. दुसऱ्या सामन्यात फ्लोरिडाने २४-४ धुतलं आणि दुसऱ्याच दिवशी एलएसयूने १८-४ जिंकलं. २४ धावा पुढच्या दिवशी कुणाच्या कामी येत नाहीत, वाचवलेला पिचर येतो. म्हणून आठ-दहा धावांनी मागे पडलेल्या सामन्यात प्रशिक्षकाने शेवटच्या फळीतला मुलगा आणला तर ओरडू नका, तो उद्याची तजवीज करतोय.

दक्षिण वारा

कॉर्व्हॅलिसकडून. ओरेगन स्टेटचे सामने बघणाऱ्यांसाठी मैदानाबद्दल थोडं. ओमाहातलं आताचं मैदान, चार्ल्स श्वॉब फील्ड, २०११पासून आहे. त्याआधी १९५० ते २०१० स्पर्धा रोझेनब्लॅट स्टेडियमवर व्हायची. मापं तीच ठेवली: बॅटरपासून कुंपणापर्यंत दोन्ही बाजूंच्या रेषांवर ३३५ फूट, मधोमध ४०८. दिशा मात्र बदलली. नव्या मैदानात बॅटरचं तोंड आग्नेयेला येतं, आणि जूनमध्ये तिथला नेहमीचा वारा दक्षिणेकडून, म्हणजे समोरून. त्यात २०११पासून काठीचे (बॅटचे) नवे नियम आले आणि अ‍ॅल्युमिनियमच्या काठीचा उसळा लाकडाच्या जवळ आणला गेला. परिणाम असा की २०१३ आणि २०१४च्या अख्ख्या ओमाहा स्पर्धेत तीन-तीनच होम रन झाले. २०१५पासून चेंडूची शिवण ०.०४८ इंचावरून ०.०३१ इंच केली. शिवण बसकी असली की हवेचा अडथळा कमी, चेंडू लांब जातो. तेव्हापासून पुन्हा जान आली.

सामन्याआधी एवढं करा: तासागणिक वाऱ्याचा अंदाज उघडा. दक्षिण-आग्नेय वारा जोरात असेल तर उंच फटके कुंपणाच्या अलीकडे मरतात. अशा दिवशी जमिनीलगत मारणारा, बेस चोरणारा, बंट (बॅट हलकेच टेकवून जवळच मारलेला चेंडू) नीट टाकणारा संघ वरचढ. वादळ येऊन गेल्यावर वारा उत्तरेचा झाला की उलट, तेव्हा उंच चेंडू देणाऱ्या पिचरची खैर नसते. टीव्हीवर मैदानातले झेंडे दिसतात, तेवढे पुरतात.

रानडुक्कर

आम्ही फेयेटव्हिलवाले, म्हणजे आर्कान्सासचे चाहते, उंच उडालेल्या फाउलबद्दल (रेषेबाहेर गेलेला फटका) लिहिणार, कारण २०१८. अंतिम फेरीचा दुसरा सामना, आर्कान्सास एका सामन्याने पुढे, नवव्या इनिंगमध्ये एका धावेची आघाडी, दोन आऊट. पहिल्या बेसच्या बाहेर साधा झेल उडाला. पहिला बेसमन, दुसरा बेसमन आणि उजवा फील्डर तिघे धावले आणि चेंडू मध्ये पडला. ओरेगन स्टेटने बरोबरी केली, मग ट्रेव्हर लारनॅकचा होम रन, ५-३. दुसऱ्या दिवशी केव्हिन अ‍ॅबेलने ५-० बंद केलं.

असा झेल का सुटतो? काठीच्या वरच्या कडेला लागलेला चेंडू उलटा फिरत वर जातो आणि उतरताना मैदानाच्या दिशेला वळतो. पहिल्या बेसमनला तो मागे वळून, पाठ फिरवून धावत पकडावा लागतो. दुसरा बेसमन आणि उजवा फील्डर यांना मात्र चेंडू समोर दिसत असतो, म्हणून हाक त्यांनी मारायची आणि पहिल्याने बाजूला व्हायचं. रीजनलमध्येच तुमच्या संघाचं हे बघून ठेवा: हाक एकाचीच येते का, बाकीचे थांबतात का. गोंगाट वाढला की हाक ऐकू जात नाही. ओमाहात २४ हजारांच्या आसपास लोक असतात.

आणि हो, २०२५ला आमच्या गेज वूडने मरे स्टेटविरुद्ध १९ स्ट्राइकआउट घेत नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही हिट दिला नाही. ओमाहात १९६०नंतर पहिलाच. आमच्याकडे सगळंच दुःख नाही!

पारदर्शक पिशवी

जाणाऱ्यांसाठी. पिशवी पारदर्शक हवी, १२ × ६ × १२ इंचांपर्यंत. पाठीवरची साधी सॅक आत नेता येत नाही. आउटफिल्डच्या कुंपणामागची तिकिटं ठरावीक जागेची नसतात, जो आधी येईल तो बसेल, म्हणून दारं उघडायच्या बरंच आधी रांग लागते. तिथे बसणाऱ्यांचं तोंड वायव्येकडे, त्यामुळे संध्याकाळच्या सामन्यात ऊन सरळ डोळ्यांत. टोपी विसरू नका. पहिल्या बेसच्या बाजूला सूर्य लवकर पाठीमागे जातो, तिसऱ्या बेसकडे तो तोंडावर येतो. आईबाबांना नेत असाल तर होम प्लेटमागे (बॅटर उभा राहतो त्यामागे) किंवा पहिल्या बेसकडे वरच्या रांगेत घ्या.

राहण्याचं बुकिंग रद्द करता येण्यासारखंच करा आणि सुपर रीजनल संपायच्या आत करा. ज्या रात्री आठ संघ ठरतात त्या रात्री शहरातल्या खोल्या संपतात. लिंकन ५५ मैलांवर आहे, तिथून रोज येता येतं. कॅन्सस सिटीहून इंटरस्टेट २९ने साधारण तीन तास. नदीपलीकडचं काउन्सिल ब्लफ्स सगळ्यात सोयीचं, पण तेही लवकर भरतं.

विजांचं एक लक्षात ठेवा: वीज जवळ दिसली की खेळ थांबतो आणि शेवटच्या विजेनंतर ३० मिनिटं मोजतात. मध्ये नवी वीज चमकली की घड्याळ पुन्हा शून्यावर. २०२५चा एलएसयू-यूसीएलए सामना असाच सोमवारी अडला आणि मंगळवारी पुरा झाला. परतीचं विमान सामन्याच्या रात्रीचं काढू नका.

रात्रपाळी

पुण्या-मुंबईत बसून बघणारे: ओमाहा भारतापेक्षा साडेदहा तास मागे. दुपारी १चा सामना रात्री साडेअकराला, संध्याकाळी ६चा दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला.

बर्न्ट ऑरेंज

सगळं वाचतोय. जांभळा सोनेरी, एक विचारायचंय. टेक्सासला यजमानपद मिळालं तर शुक्रवारी समोर चौथ्या क्रमांकाचा संघ. एक नंबरचा पिचर तेव्हाच वापरायचा की शनिवारसाठी ठेवायचा?

जांभळा सोनेरी

तुमच्या पहिल्या तीन पिचरांमध्ये किती फरक आहे त्यावर. तिन्ही सारखे असतील तर एक नंबर शनिवारी. पण दुसराच डळमळीत असेल तर शुक्रवारीच उतरवा. पहिला सामना जिंकलात तर एकूण तीन विजयांत काम होतं. हरलात तर सलग चार हवेत: शनिवारी एक, रविवारी एकाच दिवसात दोन, सोमवारी एक. रविवारीच १८ इनिंग होतात, तेव्हा एरवी मंगळवारचे सामने टाकणारा मुलगाही स्टार्टर म्हणून लागतो. चौथ्या क्रमांकाला हलकं धरू नका. २०२५ला मरे स्टेटने पहिल्याच दिवशी यजमान ओल मिसला हरवलं आणि ते ओमाहापर्यंत गेले. २००८ला फ्रेस्नो स्टेट तर चौथ्या क्रमांकावरून विजेते झाले. चौथ्या संघाला पहिल्या दिवशी काही राखून ठेवायचं नसतं, त्यांचा सगळ्यात चांगला हात शुक्रवारीच येतो. त्यांच्या एक नंबरचे गेल्या तीन सामन्यांतले चेंडू मोजा आणि फलंदाजांची फळी तिसऱ्यांदा फिरून समोर येते तेव्हा त्याला मार बसतो का ते बघा. बसत असेल तर तुमच्या मुलांनी पहिल्या पाच इनिंगमध्ये चेंडू सोडत, फाउल करत त्याला नव्वद चेंडूंपर्यंत न्यावं.