प्रतिसाद: मोरचूद आणि तळ्यातल्या गोगलगायी

गुरांच्या यकृतातला चपटा कृमी गोगलगायींतून पसरतो, म्हणून मोरचूद (तांब्याचा क्षार) टाकून तळ्यातल्या गोगलगायी संपवायचा सल्ला वरच्या लेखनात दिलाय. संपतील, पण सोबत मासेही मरतील. शिवाय मेंढ्यांना तांब्याची विषबाधा फार लवकर होते, आणि धनगरांचे कळप तिथेच पाणी पितात ना?

गुरांच्या यकृतातल्या चपट्या कृमीचं चक्र तोडायला दुसऱ्या जागाही आहेत. शेणातून पडलेल्या अंड्यातून निघालेली अळी लिम्निया गोगलगायीत शिरते आणि आत तिच्या शेकडो होतात. त्या बाहेर पडून पाण्याकाठच्या गवतावर कवच करून बसतात. म्हणजे जनावराला रोग होतो तो त्या गवतातून. काठाला कुंपण घाला, तिथलं ओलं गवत कापून गोठ्यात आणू नका. जबड्याखाली सूज दिसली तर शेण तपासून घ्या. जंताचं प्रत्येक औषध या कृमीवर चालत नाही, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

"माणसांना आपल्याकडे असलं काही होत नाही" हे तिथलं वाक्यही तितकंसं खरं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण सापडले होते; हा शिस्टोसोमा नावाचा, गोगलगायीतूनच पसरणारा दुसरा कृमी. गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी 1952 मध्ये त्याची नोंद केली. आफ्रिकेत हा कृमी बुलिनस गोगलगायीत वाढतो, ती भारतात नाही. गिमवीत त्यांनी बोट दाखवलं फेरिसिया टेन्युइसकडे. जेमतेम काही मिलिमीटरची, टोपीसारख्या शिंपल्याची, दगडाला चिकटलेली. हिला गोगलगाय म्हणून कोण ओळखणार!