सेफ वाटणाऱ्यालाच नारळ कसा मिळतो?

रविवारचा_धक्का

प्रश्न एलिमिनेशनच्या हिशेबाचा आहे. बिग बॉस मराठीच्या पाचव्या सीझनला (२०२४) आधी अरबाज पटेल गेला, मग फिनाले तोंडावर आलेला असताना पॅडी कांबळे. अमेरिकन आयडॉल या गाण्याच्या शोमध्ये २००४ साली जेनिफर हडसन सातव्या नंबरवर घरी गेली, २००६ मध्ये ख्रिस डॉट्री चौथ्या नंबरवर. यातलं एकही नाव त्या आठवड्यात ‘जाणार’ म्हणून कुणी धरलं नव्हतं.

‘सगळं स्क्रिप्टेड असतं’ हे उत्तर कृपया नको. ते कुठल्याही निकालाला चिकटवता येतं. मतं खरोखर मोजली जातात असं धरून चालू. मग असे निकाल लागतात कसे, आणि आदल्या दिवशी अंदाज बांधायचा तर बघायचं काय?

मतपेटी

या शोंमध्ये मत वाचवायला दिलं जातं, काढायला नाही. त्यामुळे कोण किती आवडतो याला फारशी किंमत नाही. त्या रात्री किती जणांना ‘आपण मत दिलं नाही तर हा जाईल’ अशी भीती वाटली, त्याला आहे. जो सेफ वाटतो त्याचेच चाहते फोन उचलत नाहीत. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय.

त्याहून मोठं कारण म्हणजे मतांची फाटाफूट. हडसनचाच आठवडा घ्या. सात स्पर्धक, त्यात फँटेजिया बॅरिनो, ला टोया लंडन आणि हडसन या तिघी एकाच जातकुळीच्या, दमदार आवाजाच्या. आता काल्पनिक आकडे मांडू. शंभर मतांपैकी ४२ मतं अशा आवाजावर जीव टाकणाऱ्यांची. ती तिघींत वाटली की प्रत्येकी १४. उरलेली ५८ चौघांत, म्हणजे प्रत्येकी साडेचौदा. ४२ टक्के लोक एकाच प्रकारच्या गाण्यावर खूश असूनही तिन्ही गायिका तळाला! प्रत्यक्षातही त्या आठवड्याच्या बॉटम थ्रीमध्ये नेमक्या याच तिघी होत्या. आणि त्यातली फँटेजिया पुढे तोच सीझन जिंकली, कारण बाकीच्या दोघी गेल्यावर त्यांची मतं जाणार कुठे?

म्हणून ‘कोण कमी आवडतो’ हे शोधू नका. कुणाचे मतदार एकच आहेत ते शोधा. दोन रांगडे, दोन विनोदी, एकाच गावाकडचे दोघं, अशा जोड्या काढा. ज्या जोडीतला एक जण त्या आठवड्यात जास्त चर्चेत असेल, त्यातला दुसरा धोक्यात.

कॅप्टन्सी_टास्क

वरचं बिग बॉसलाही लागू आहे, पण तिथे आणखी एक चाळणी लागते, ती म्हणजे नॉमिनेशन, म्हणजे त्या आठवड्यात बाहेर जाण्याच्या यादीत नाव लागणं. मतं फक्त नॉमिनेट झालेल्यांत पडतात. चार कच्च्या स्पर्धकांसोबत नॉमिनेट झालेला मध्यम स्पर्धक आरामात तरतो आणि तीन तगड्यांसोबत अडकला की तोच जातो. त्याची मतं तेवढीच, फक्त तुलना बदलली.

पॅडींच्या वेळी हेच दिसतं. ते गेले तेव्हा घरात आठ जण उरले होते. ते गेल्यावर राहिलेले सात: सूरज चव्हाण, अभिजीत सावंत, निक्की तांबोळी, धनंजय पोवार, अंकिता वालावलकर, जान्हवी किल्लेकर, वर्षा उसगांवकर. यात कच्चा कोण? कुणीच नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत घरात काही नुसते भरतीचे चेहरे असतात, ते ढालीसारखे पुढे होतात. ढाली संपल्या की दर रविवारी कुणा ना कुणाच्या लाडक्याला जावंच लागतं. शिवाय आधीपासून ‘टीम ए’ आणि ‘टीम बी’ अशी विभागणी झालेली. पॅडी ज्या बाजूचे मानले जायचे त्याच बाजूला सूरज आणि अभिजीत, म्हणजे शेवटचे विजेता आणि उपविजेता. एका घरातून मतं मागायला तिघं-चौघं उभे राहिले तर मधल्याची ओंजळ रिकामी राहते.

तिसरी गोष्ट सवयीची. जो दर आठवड्याला नॉमिनेट होतो त्याच्या चाहत्यांना मत द्यायचा सराव असतो: ॲप उघडायचं, मतदानाची लाइन कधी बंद होते ते ठाऊक, ग्रुपवर आठवण टाकायची. जो कॅप्टन्सीमुळे (घराचा कॅप्टन झालं की नॉमिनेशनपासून सुटका) किंवा डावपेचांमुळे पाच-सहा आठवडे नॉमिनेशनमधून वाचत आला, त्याची फौज कधी उभीच राहिलेली नसते. पहिल्यांदा नॉमिनेट झाला की तोंडघशी. सारखं कॅप्टन होणं हा गुण वाटतो खरा, पण मतांच्या दृष्टीने ती उधारी आहे.

एक मात्र वेगळं काढून ठेवा. आर्या जाधवला त्याच सीझनमध्ये हात उचलल्याबद्दल काढलं, जान्हवी फिनालेला नऊ लाखांची बॅग घेऊन स्वतः बाहेर पडली. ही एलिमिनेशन नव्हेत. मतांचा हिशेब मांडताना ही नावं त्यात घातली की सगळं गणित गडबडतं.

रविवारचा_धक्का

फाटाफुटीचं पटलं. पण जिथे परीक्षकांचे गुणही धरतात तिथे तरी असं व्हायला नको ना? गुण जास्त तर आधार जास्त.

पैकीच्या_पैकी

तिथे तर हमखास होतं, कारण गुण दिसतात तेवढे वजनदार नसतात. अमेरिकेतला सेलिब्रिटींच्या नाचाचा शो ‘डान्सिंग विथ द स्टार्स’, २७वा सीझन, २०१८. सेमीफायनलला हुआन पाब्लो दी पाचे याने दोन्ही नाचांत पैकीच्या पैकी गुण घेतले आणि त्याच रात्री बाहेर गेला. सीझन जिंकला बॉबी बोन्स, जो गुणांत मागे असायचा.

कसं ते बघा (गुण काल्पनिक, पद्धत टक्क्यांची: गुणांतला वाटा आणि मतांतला वाटा यांची बेरीज). ६० पैकी गुण, सहा जोड्या: ६०, ५६, ५५, ५४, ५०, ४८. बेरीज ३२३. पहिल्याचा वाटा ६० भागिले ३२३, म्हणजे १८.६ टक्के. शेवटच्याचा ४८ भागिले ३२३, म्हणजे १४.९. बारा गुणांची दरी, पण हातात पडतो पावणेचार टक्क्यांचा फरक. मतांत मात्र एकाला ३० आणि दुसऱ्याला ८ टक्के सहज पडू शकतात. शेवटच्याला २० टक्के मतं आणि पहिल्याला १५ पडली की बेरीज ३४.९ विरुद्ध ३३.६. पैकीच्या पैकीवाला खाली!

परीक्षक सगळ्यांनाच ८ ते १० च्या मध्ये गुण वाटत असतील तर ते गुण जवळपास निकामी समजा. पुढच्याच सीझनपासून त्यांनी तळाच्या दोन जोड्यांतून कुणाला ठेवायचं हे परीक्षकांकडे दिलं, ते उगाच नाही.

मतपेटी

‘वाचवण्याचा अधिकार’ दिला म्हणून सगळं सुटतं असंही नाही. आयडॉलमध्ये २००९ पासून जजेस सेव्ह आला, म्हणजे बाहेर जाणाऱ्याला परीक्षकांनी वाचवायचं: अख्ख्या सीझनला एकच, तोही ठरावीक टप्प्यापर्यंतच. २०११ मध्ये तो केसी अब्राम्ससाठी मार्चमध्येच खर्च झाला. दोन आठवड्यांनी पिया टोस्कानो नवव्या नंबरवर बाहेर गेली तेव्हा परीक्षकांचे हात रिकामे. तेव्हा अशा शोमध्ये पहिली नोंद ठेवायची ती सेव्ह शिल्लक आहे की नाही याची. शिल्लक असला तर धक्का पचवता येतो. संपला असला तर त्यानंतरचे दोन-तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून बघायचे.

शून्य_मतं

थोडं विषयांतर, पण सर्व्हायव्हरप्रेमींसाठी (या अमेरिकन शोमध्ये स्पर्धकच मतं देऊन एकमेकांना काढतात). ‘गेम चेंजर्स’ सीझन (२०१७), सहा जण उरलेले. ब्रॅडकडे इम्युनिटी, म्हणजे त्याला मत देताच येत नाही. ट्रॉयझनने स्वतःसाठी आयडॉल (आपल्याविरुद्धची मतं रद्द करणारी मूर्ती) काढला. टायने दोन काढले, एक स्वतःला आणि एक ऑब्रीला. सेराने लेगसी ॲडव्हांटेज हे तसंच संरक्षण वापरलं. सहापैकी पाच सुरक्षित, उरली एकटी सिरी फील्ड्स. तिच्याविरुद्ध एकही मत मोजावं लागलं नाही, तरी ती बाहेर. जनतेचं मत नसलेल्या खेळातही सूत्र तेच: तुमच्या हातात काय आहे यापेक्षा बाकी किती जण सुरक्षित आहेत ते मोजा.

रविवारचा_धक्का

मग इन्स्टावरचे पोल बघायचे की नाही?

कॅप्टन्सी_टास्क

बघा, पण टक्केवारी नको, क्रम बघा. पोलमध्ये एक अकाउंट एकदाच मत देतं आणि देणाऱ्याला काही कष्ट नसतात. खरं मतदान ॲपवर, आणि तिथे चिकाटी मोजली जाते. शिवाय पोल ज्या पेजवर असतो त्याच पेजचे चाहते मत देतात. निदान तीन वेगवेगळ्या स्वभावाची पेजं घ्या. तिन्हीकडे तळाचे दोघं तेच असतील तरच त्याला अर्थ. तळाच्या दोघांत दोन-तीन टक्क्यांचाच फरक असेल तर अंदाज सांगू नका, नाणं उडवा. एका पोलवर एखादा ६० टक्क्यांनी पुढे दिसला तर उलट सावध व्हा, ते पेजच त्याचं असतं.

वीकेंडचा भाग आधी शूट होतो, त्यामुळे शनिवारी रात्री पोल कुणाच्या बाजूने झुकतोय याला काही अर्थ नाही. लाइन कधी बंद झाली ते बघून त्याआधीचा आकडा धरा.

मतपेटी

आणि शेवटी दोघांना उभं करून श्वास रोखायला लावतात ना, ते दोघं तळाचेच असतात असं गृहीत धरू नका. ‘कुठल्याही विशिष्ट क्रमाने नाही’ एवढं वाक्य सूत्रसंचालकाने म्हटलं असेल तर शेवटी सेफ झालेल्याला काठावर वाचलेला म्हणता येत नाही. पुढच्या आठवड्याचा अंदाज बांधताना बहुतेक जण इथेच फसतात.