इंग्रजीचे शिक्षक नेमायचेत, रेफरन्स नक्की तपासायचे कसे? (सोलापूर)

होटगीरोडकर

नमस्कार. स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी माध्यमाची शाळा आहे, पहिली ते आठवी. जूनपासून इंग्रजीच्या दोन जागा भरायच्या आहेत, एक पहिली-पाचवीला आणि एक सहावी-आठवीला. २३ अर्ज आलेत. प्रत्येक फाइलला अनुभवाचा दाखला जोडलाय आणि प्रत्येक दाखल्यात तीच तीन विशेषणं: कष्टाळू, प्रामाणिक, विद्यार्थिप्रिय. यावरून निवड करायची कशी? फोन कुणाला करावा, काय विचारावं, कोणते कागद खरंच बघावेत? चार-पाच जण विजयपूर-कलबुर्गीकडचे आहेत, त्यांच्या पदव्यांबद्दलही सांगा.

खडूफळा

आधी वेळ सांभाळा. निकाल १ मेच्या आसपास लागतात आणि मग जूनच्या मध्यापर्यंत शाळा ओस. मुख्याध्यापक गावाला, पर्यवेक्षक लग्नकार्यात. अशा वेळी लागतो तो फक्त उमेदवाराने दिलेला मोबाइल नंबर, आणि पलीकडे मुख्याध्यापक बोलतायत की मावसभाऊ, हे देवाला ठाऊक. म्हणून फोन एप्रिलातच उरका.

२३ जणांचे रेफरन्स काढत बसू नका. कागद बघून आठ ठेवा, आठांचा डेमो तास घ्या, त्यातून जागेमागे दोन. फोन फक्त या चौघांसाठी. एका उमेदवारामागे दोन फोन, प्रत्येकी १०-१५ मिनिटं.

दाखल्यावर सही करणाऱ्या संस्थेच्या सचिवांना फोन करून उपयोग नाही, त्यांनी तास पाहिलेलाच नसतो. पर्यवेक्षक किंवा इंग्रजीचे विषयप्रमुख गाठा, ज्यांच्या हाताखालून वह्या गेल्यात. नाव उमेदवाराकडून घ्या, नंबर मात्र स्वतः शोधा. शाळेच्या लँडलाइनवर फोन करून "पर्यवेक्षक मॅडमना द्या" म्हणायचं. सीबीएसई शाळा असेल तर तिच्या वेबसाइटवर मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजरचं पान असतं, प्राचार्यांचं नाव तिथं मिळतं.

सध्या नोकरी चालू असेल तर त्या शाळेला उमेदवाराच्या परवानगीशिवाय फोन करायचा नाही. सोलापुरात एका स्टाफरूममधली बातमी दुसऱ्या स्टाफरूममध्ये पोचायला मधली सुट्टी पुरते, आणि तुम्ही न घेतलेल्या माणसाची असलेली नोकरी जाते.

आता प्रश्न. "कसं शिकवतात?" विचारलं की "छान शिकवतात" एवढंच हाती लागतं. त्यापेक्षा मोजता येईल असं विचारा. कोणत्या इयत्ता, आठवड्याला किती तासिका? निबंध-पत्रलेखनाच्या वह्या महिन्यातून किती वेळा तपासून व्हायच्या? तपासणी म्हणजे नुसती बरोबरची खूण आणि सही, की चुकलेलं वाक्य मुलाकडून पुन्हा लिहून घ्यायचे? तासात मराठी किती वापरायचे? हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा. एकाच वर्गात घरी मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी मुलं बसतात. धडा मराठीत उलथून सांगणारा शिक्षक अर्ध्या वर्गाला दोनदा परका होतो. पहिली-पाचवीच्या जागेसाठी विचारा: अक्षरांची नावं घोकून घ्यायचे की आवाज शिकवायचे? न पाहिलेला शब्द मुलं वाचायची का?

शेवटी एकच: "पुन्हा जागा निघाली तर यांना घ्याल का?" विचारून गप्प राहायचं. "लगेच घेईन" हे उत्तर दोन सेकंदांत येतं. "तेव्हाची गरज बघू, तशा चांगल्या आहेत त्या" असं लांबलं की समजून घ्या.

दोन्ही टोकांच्या शब्दांना थोडी सूट धरा. नको झालेल्या शिक्षकाची वाट मोकळी व्हावी म्हणून भरभरून स्तुती करणारे असतात, आणि सत्राच्या मध्यात सोडून गेला म्हणून चांगल्या शिक्षकावर राग काढणारेही. म्हणून कोणत्या महिन्यात सोडलं आणि नोटीस दिली होती का, हेही विचारून घ्या. खाजगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीत कायम शिक्षकाला तीन महिने आणि इतरांना एक महिना नोटीस आहे. ती पाळून गेलेल्या माणसाबद्दल नुसती कुरकुर ऐकू आली तर तिला फार वजन देऊ नका.

जावक_क्रमांक

दाखल्यातली स्तुती वाचूच नका, कोपरे वाचा. जावक क्रमांक, तारीख, यू-डायस कोड (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक). कोड ११ अंकी असतो. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, सोलापूर जिल्ह्याचा २७३० ने. शाळा बार्शीची आणि कोड भलताच, असं असेल तर तिथंच थांबा. कोड जुळला की त्या शाळेच्या लिपिकाला विचारा, "अमुक तारखेला अमुक जावक क्रमांकावर काय गेलंय?" मुख्याध्यापक भिडेखातर काहीही बोलतील, रजिस्टरला कुणाची भीड नसते.

मग तारखा एका कागदावर एकाखाली एक लिहा. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं आहे. नियमित बी.एड. आणि पूर्णवेळ नोकरीचा दाखला त्याच दोन वर्षांतला असेल तर दोन्हीपैकी एक कागदावरच झालंय. अर्जांत सगळ्यात जास्त सापडणारं भोक हेच.

पदवीवर विद्यापीठाचं नाव बघा. सोलापूर विद्यापीठ २००४ चं, त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर हे नाव २०१९ ला लागलं. २०१४ च्या पदवीवर ते नाव दिसलं तर नंतर काढलेली दुय्यम प्रत आहे का ते विचारा. विजयपूरची कॉलेजं २०१० पासून बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे आहेत, त्याआधी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होती. कलबुर्गीकडच्यांना गुलबर्गा विद्यापीठ. बदलाच्या वर्षी आधीच शिकत असलेल्यांची पदवी जुन्या विद्यापीठाची निघू शकते, लगेच चोर ठरवू नका.

"बी.ए. इंग्रजी" यावरही जाऊ नका. इंग्रजी आवश्यक विषय सगळ्यांनाच असतो. तिसऱ्या वर्षाची गुणपत्रिका मागा, स्पेशलचे पेपर इंग्रजी साहित्य-भाषेचे आहेत का बघा. बी.एड.च्या गुणपत्रिकेवर अध्यापन पद्धतीत इंग्रजी आहे का तेही. इतिहास-भूगोल पद्धतीवाले इंग्रजीच्या जागेला सर्रास अर्ज करतात.

पहिली-पाचवीच्या जागेला डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका, पूर्वीचं डी.एड.) लागतं. ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या वर्गांना बी.एड. चालत नाही. टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर एक पाचवीपर्यंत, पेपर दोन सहावी-आठवीला; विनाअनुदानित शाळेलाही ती अट आहे. २०१९ च्या टीईटीत गुण फुगवून पात्र ठरलेल्या हजारोंवर परीक्षा परिषदेने २०२२ मध्ये कारवाई केली, तेव्हा त्या वर्षाचं प्रमाणपत्र परिषदेकडून पडताळल्याशिवाय धरू नका.

डिजिलॉकर दाखवतो म्हणाले तर 'इश्यूड'मधलं बघा. स्वतः अपलोड करायच्या जागेत कुणीही फोटो काढून टाकू शकतं.

पीएफची सर्व्हिस हिस्टरी उमेदवारालाच त्याच्या फोनवर उघडायला सांगा, शाळेचं नाव आणि महिने दिसतात. पण २० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या शाळेला पीएफ बंधनकारक नाही, त्यामुळे नोंद नाही म्हणून अनुभव खोटा असं होत नाही.

आणि मूळ कागद बघून तिथल्या तिथं परत द्या. शिक्षक सोडून जाऊ नये म्हणून पदव्या कपाटात कोंडायची खोड काही संस्थांना आहे, तुम्ही लावून घेऊ नका.

शेंगाचटणी

एक सोपी युक्ती सांगतो बघा. अर्जात तिसरी-चौथी लिहिलंय ना? फोनवर म्हणायचं, "सातवी-आठवीला होते की हो ते तुमच्याकडं?" खरा पर्यवेक्षक लगेच अडवतो, "नाही हो, तिसरीला होते." बनावट असला की "हो हो, सातवीला, एक नंबर शिकवायचे!"

खडूफळा

चालतं, पण एवढ्यावर कुणाला बाद करू नका. घाईत असलेला भला माणूसही "हो हो" म्हणून जातो. अशा वेळी त्या शिक्षकाची तासिका, वर्गखोली, रजेवर कोण बदली यायचं, असं दोन-तीन बारीक विचारायचं. तिथंही अडखळले तर मग शंका खरी.

सात_रस्ता

पोलीस पडताळणी राहिली. पॉक्सोच्या (बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या) २०२० च्या नियमांप्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थेने प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची आहे, कंत्राटी असला तरी. शहर हद्दीत राहणाऱ्यांचं चारित्र्य प्रमाणपत्र पोलीस आयुक्तालयाकडून, पंढरपूर-अक्कलकोट-बार्शीकडच्यांचं सोलापूर ग्रामीणकडून. अर्ज ऑनलाइन होतो. उमेदवार मधली चार वर्षं पुण्यात राहिला असेल तर तिथलंही मागा. विजयपूरवाल्यांना तिकडच्या पोलिसांकडून.

पण प्रमाणपत्रात नोंदलेला गुन्हाच दिसतो. शाळेने आपसात मिटवलेलं दिसत नाही. त्यासाठी फोनवर सरळ विचारावं लागतं: "मुलांशी वागण्याबद्दल कधी तक्रार आली होती का?" "लेखी काही नाही" असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न लगेच, "आणि तोंडी?" हा प्रश्न संकोचाने गाळला जातो, आणि नेमका तोच गाळायचा नसतो.

जुळेसोलापूर_क्लास

माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे, प्रौढांच्या बॅच. इथं येणाऱ्या शिक्षकांना ना मुख्याध्यापक ना जावक रजिस्टर. मग?

जावक_क्रमांक

ताई, वेगवेगळ्या बॅचच्या तीन विद्यार्थ्यांचे नंबर मागा, त्यातला एक अर्ध्यात सोडून गेलेला असू दे. त्याला विचारा का सोडलं. शिवाय बॅच सुरू होताना किती होते आणि शेवटी किती उरले, एवढा आकडा पुरे. प्रमाणपत्रांत 'टेफल १२० तास' (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा कोर्स) खूप दिसतं. बरेचसे निव्वळ ऑनलाइन असतात, त्यात प्रत्यक्ष वर्ग घेतलेलाच नसतो. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी अध्यापनाच्या कोर्समध्ये मात्र ६ तास निरीक्षकासमोर शिकवावं लागतं आणि केंद्राचा अहवाल मिळतो. प्रमाणपत्र नको, तो अहवाल मागा. त्याच्यात उणिवाही लिहिलेल्या असतात.

होटगीरोडकर

सगळ्यांचे आभार. अर्जातच ही ओळ घालतोय: "माझ्या पूर्वीच्या संस्थांकडे चौकशी करण्यास माझी संमती आहे, सध्याच्या संस्थेकडे निवडीनंतरच करावी." आणि नेमणूक आदेशात "पडताळणी समाधानकारक झाल्यास" एवढं. पुरेल?

खडूफळा

आदेशात मुदतही लिहा, रुजू झाल्यापासून ३० दिवस वगैरे, नाहीतर ती पडताळणी दिवाळीपर्यंत लोंबकळते. आणि प्रत्येक फोनचं टिपण फाइलला लावा: कोणता नंबर लावला, कोण बोललं, त्यांचं पद, तारीख, वेळ, त्यांचे शब्द जसेच्या तसे. "चांगलं बोलले" असं लिहून ठेवलं तर महिन्याने तुम्हालाच कळणार नाही, ते कुणाबद्दल होतं.