शिक्षक संपावर गेले की विद्यार्थ्यांनी काय करायचं?

वहीचं मागचं पान

मार्च 2023 मध्ये मी दहावीला होते. 14 मार्चला राज्यातले सरकारी-निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी बेमुदत संपावर गेले आणि 15 तारखेला आमचा भूमितीचा पेपर. पेपर वेळेवर झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण आदल्या दिवशी चक्रीय चौकोनाचं प्रमेय अडलं म्हणून आम्ही चौघीजणी शाळेत गेलो, तर फाटकाला कुलूप. मग सायकली वळवल्या त्या थेट तहसील कचेरीकडे.

कचेरीसमोर मांडव होता. आमचे गणिताचे सर 'एकच मिशन, जुनी पेन्शन' लिहिलेली टोपी घालून सतरंजीवर बसले होते. आम्हाला पाहून उठले, मांडवामागे कडुनिंबाखाली घेऊन गेले. माझ्या वहीच्या मागच्या पानावर हातानेच वर्तुळ काढलं, संमुख कोन दाखवले, त्यांची बेरीज 180 का येते ते दोनदा सांगितलं. आणि निघताना म्हणाले, "सरळ घरी जा. इथे फोटो काढतायत, त्यात येऊ नका."

त्याच मांडवात दुसऱ्या एका शाळेची पाचवी-सहावीची मुलं मात्र उन्हात फलक धरून उभी होती. त्यांना पेन्शन म्हणजे काय ते माहीत असेल असं मला वाटत नाही.

20 तारखेला संप मिटला. त्या दिवशी आमचा विज्ञान भाग 2 होता. आमची परीक्षा पार पडली, पण आमच्या शाळेतल्या आठवी-नववीचे बुडालेले तास कुणी भरून काढले नाहीत आणि कुणी मागितलेही नाहीत. आम्ही मोठ्या वर्गातल्या, आम्हीही नाही. त्याची चुटपुट अजून आहे.

माझं म्हणणं असं. संपात विद्यार्थ्यांनी कुणाच्या मागे उभं राहायचं हा पहिला प्रश्न नाहीच. आपलं काय बुडतंय ते त्यांनी स्वतः मोजावं आणि लेखी मागावं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास सांगितले आहेत. ते आपल्या वाटणीचे आहेत. मुख्याध्यापकांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्यावं, एक प्रत मांडवात नेऊन द्यावी. दरम्यान मोठ्यांनी लहानांचे वर्ग घ्यावेत, देवळात, समाजमंदिरात, जागा मिळेल तिथे. पण फलक धरायला जाऊ नये, शिक्षकांच्या बाजूने नाही आणि विरोधातही नाही.

तुम्हाला काय वाटतं?

खडू आणि डस्टर

बाळा, तुझे सर मला आवडले. मीही शिक्षक आहे आणि मीही त्या सात दिवसांत मांडवात होतो. पण तुझं म्हणणं मला पटत नाही.

आधी मागणी काय होती ते नीट समजून घे. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती. जुन्या योजनेत शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम दरमहा ठरलेली. तेव्हाच्या नव्या योजनेत आमच्या पगारातून 10 टक्के कापले जायचे, सरकार 14 टक्के घालायचं आणि म्हातारपणी हातात काय येणार ते बाजार ठरवणार होता. आम्ही निवेदनं दिली, मोर्चे काढले, काळ्या फिती लावून शिकवलं. काळ्या फितीची दखल कुणी घेत नाही. शाळा बंद झाली की घेतात.

आता तुझ्या हिशेबाबद्दल. सात दिवस मोजतेस, जरूर मोज. पण मतदार यादीचं काम, निवडणूक, सर्वेक्षणं, आज ही माहिती भरा उद्या ती लिंक भरा, यात माझ्या वर्गाचे किती तास जातात तेही त्याच वहीत लिही. गेल्या वर्षी दोन शिक्षकी शाळेत माझा जोडीदार याद्या घेऊन गावभर फिरत होता आणि मी चार वर्ग एका खोलीत बसवून सांभाळत होतो. त्या दिवसांचं पत्र आजवर एकाही विद्यार्थ्याने किंवा पालकाने लिहिलेलं नाही. हिशेब फक्त संपाच्या दिवसांचा मागितलास तर तुझी इच्छा नसली तरी ते पत्र आमच्याविरुद्धच वापरलं जाईल.

लहान मुलांना उन्हात उभं करणं चूकच, त्यावर वाद नाही. पण नववी-दहावीच्या पुढची मुलं स्वतः समजून मांडवात आली, शेजारी बसली, तर त्यांना घरी का पाठवायचं? हक्कासाठी पगार कापून घेऊन बसलेली माणसं पाहणं हाही नागरिकशास्त्राचा तास आहे.

बांधावरून

गुरुजी, तुमचा तास तुमच्यापाशी ठेवा.

माझी दोन पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. मला पेन्शन नाही, माझ्या बापाला नव्हती. कांद्याला भाव मिळाला नाही तर मी शेत बंद ठेवून मांडवात बसू शकत नाही, पुढच्या हंगामाला काय खाऊ? आमच्या गावच्या चार शिक्षकांपैकी तिघांची मुलं तालुक्याला इंग्रजी शाळेत जातात. संप झाला तेव्हा त्यांच्या मुलांची शाळा चालू होती आणि माझ्या पोरांची बंद. हे बोललं की राग येतो, पण खरं आहे ते खरं आहे.

माझा पुतण्या डीएड होऊन सात वर्षं घरी आहे. त्या आठवड्यात बेरोजगार पोरं म्हणत होती, आम्हाला निम्म्या पगारावर घ्या, आम्ही उद्यापासून शिकवतो. त्यांचं काय चुकलं?

धागा काढणाऱ्या ताईला एवढंच सांगतो, पत्रबित्र ठीक आहे, पण सरळ म्हणायला शिका की हे चूक आहे. विद्यार्थ्यांनी गावातल्या शिकलेल्या पोरांना बोलवून शाळा उघडायला लावावी. शाळेची इमारत गावाची आहे.

खडू आणि डस्टर

दादा, निम्म्या पगारावर आज तुमचा पुतण्या येईल, उद्या त्याच्या निम्म्यावर दुसरा येईल. शेवटी तुमच्या नातवंडांसमोर कोण उभं असेल याचा विचार करा. मुलांच्या शाळेबद्दलचं तुमचं बोलणं मात्र मी ऐकून घेतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझी मुलगी माझ्याच शाळेत शिकली, पण सगळ्यांचं तसं नाही हे मी पाहतो.

नियमावली

एक मुद्दा सगळेच सोडताय. शाळा बंद म्हणजे दुपारचं जेवण बंद. 2015 च्या माध्यान्ह भोजन नियमांनुसार कोणत्याही शालेय दिवशी जेवण मिळालं नाही, कारण काहीही असो, तर त्या मुलाला अन्नसुरक्षा भत्ता म्हणून धान्य आणि पैसे द्यावे लागतात, तेही पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. हे मागायला कुणाचीही बाजू घ्यावी लागत नाही. आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. 'बांधावरून', तुम्ही समितीत असाल तर बैठक बोलवायला संप मिटायची वाट पाहू नका.

पॅसिफिककाठ

मी लॉस एंजेलिसला राहते, मूळची साताऱ्याची. इथे जानेवारी 2019 मध्ये तीस हजारांवर सरकारी शाळाशिक्षक संपावर गेले, 14 ते 22 जानेवारी, शाळेचे सहा दिवस. शाळा कागदोपत्री उघड्या होत्या. बदली माणसं बोलवून मुलांना सभागृहात एकत्र बसवत आणि चित्रपट लावत. माझा मुलगा दहावीत होता. पहिल्या दिवशी गेला, दुसऱ्या दिवशी म्हणाला, मी आत बसणार नाही, बाहेर टीचरबरोबर उभा राहणार. धो धो पाऊस पडत होता. मी डबा आणि छत्री दिली.

त्याला बाहेर उभं राहावंसं वाटलं ते पगारासाठी नव्हे. मागण्यांमध्ये वर्गातली मुलांची संख्या कमी करा, प्रत्येक शाळेत पूर्णवेळ नर्स द्या, ग्रंथपाल द्या, हेही होतं. माझ्या मुलाला दमा आहे आणि त्याच्या शाळेत नर्स आठवड्यातून एक दिवस यायची. समझोत्यात 6 टक्के पगारवाढीबरोबर प्रत्येक शाळेला आठवड्याचे पाचही दिवस नर्स मिळाली. संपाच्या मागणीत मुलांचं काही असेल तर मुलं आपणहून येतात, त्यांना कुणी फलक हातात द्यावा लागत नाही.

आणखी एक. त्याच्या आदल्या वर्षी वेस्ट व्हर्जिनियातले शिक्षक संपावर गेले. तिथे पुष्कळ मुलं शाळेतल्या जेवणावरच असतात. तिथल्या शिक्षकांनी संपाच्या आधी खाण्याच्या पिशव्या भरून मुलांच्या घरी जातील अशी सोय केली. 'बांधावरून' दादांना जो राग आहे तो अशाने बराच निवला असता.

बांधावरून

हे आमच्याकडे कुणी केलं असतं तर मी स्वतः मांडवात जाऊन बसलो असतो.

नववी ब

मी आत्ता नववीत आहे. तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलताय, पण आमच्यातलं कुणीच बोललं नव्हतं म्हणून लिहिते. 25 सप्टेंबर 2024 ला जिल्हा परिषदेचे शिक्षक एक दिवस सामूहिक रजेवर गेले होते. तेव्हा 20 आणि त्यापेक्षा कमी पटाच्या शाळेत एक कंत्राटी शिक्षक नेमायचा निर्णय झाला होता, तो मागे घ्या अशी त्यांची मागणी होती. माझी धाकटी बहीण अशाच वाडीवरच्या शाळेत आहे, पट 14. म्हणजे प्रश्न तिचाच होता. तिला कुणी सांगितलं नाही की आज शाळा का नाही. सुट्टी आहे एवढंच कळलं आणि ती दिवसभर खेळली. मला वाटतं शिक्षकांनी आदल्या दिवशी वर्गात उभं राहून सांगायला हवं की आम्ही उद्या का येणार नाही. आणि मुलांनी प्रश्न विचारायला हवेत. एक तास पुरे.

जुना विद्यार्थी

सात दिवसांवर एवढं चाललंय म्हणून सांगतो. 14 डिसेंबर 1977 ला राज्य कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला तो 54 दिवस चालला. मी सातवीत होतो, स्कॉलरशिपला बसायचं होतं. आमचे गुरुजी संपात. पगार नाही म्हणून त्यांच्या घरी ज्वारी माझ्या आईने पाठवली होती, पायलीभर, मीच डोक्यावरून नेली. गुरुजींच्या बायकोने पिशवी घेतली आणि आत जाऊन रडली. ते मी कधी विसरलो नाही.

आम्ही सातवीची सहा मुलं रोज सकाळी मारुतीच्या पारावर बसायचो. खालच्या वर्गांकडून पाढे म्हणवून घ्यायचे, शुद्धलेखन घालायचं. त्याच्याने अभ्यास किती झाला? थोडाच. मोठ्या मुलाला गणित शिकवता येतंच असं नाही, माझ्याकडून एकाला भागाकार चुकीचा शिकवला गेला होता. पण मुलं गुरं राखायला पांगली नाहीत, संप मिटल्यावर सगळी शाळेत परत आली. दोन मुली तेवढ्या आल्या नाहीत. एकीचं लग्न ठरलं होतं. 54 दिवस हा फार मोठा काळ असतो.

म्हणून ताईच्या म्हणण्यातला वर्ग चालवण्याचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पत्राला उत्तर येईल न येईल. मुलींची हजेरी रोज घ्या, आणि जी दोन दिवस दिसली नाही तिच्या घरी जा.

खडू आणि डस्टर

काका, हे वाचून थांबलो. मी 'नववी ब'चंही ऐकलं. सप्टेंबरमध्ये आम्ही फळ्यावर काहीच लिहून ठेवलं नव्हतं.

पण माझा मुद्दा सोडत नाही. 2022 मध्ये नाशिक जिल्ह्यात दरेवाडीची शाळा बंद केली तेव्हा मुलं दप्तरं घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर गेली होती, 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' म्हणत. ती मुलं लहानच होती. त्या वेळी सगळ्यांनी कौतुक केलं, कुणीही त्यांना घरी जा म्हटलं नाही. मग रस्त्यावर येणं वाईट, असं म्हणता येत नाही. 

वहीचं मागचं पान

सर, दरेवाडीच्या मुलांचं दुःख त्यांचं स्वतःचं होतं. शाळा त्यांची गेली होती आणि घोषणाही त्यांच्याच जगण्यातली होती. मी ज्या मुलांना पाहिलं त्यांच्या हातातला फलक मोठ्यांनी लिहिलेला होता. त्यामुळे माझं मत एवढंच बदलते की 'फलक धरायला जाऊ नये' हे मी चुकीचं लिहिलं. मागणी आपली असेल तर जावं. दहावीतली मी पेन्शनसाठी बसले नसते, पण वाडीच्या शाळेचा शिक्षक जाऊ नये म्हणून नक्की बसले असते.

हिशेबाबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात. फक्त संपाचे दिवस मोजणं अन्यायाचं आहे. मी पत्र पुन्हा लिहिलं. आमच्या जुन्या शाळेत आता माझा भाऊ आठवीला आहे, पुढच्या वेळी तो आणि त्याचा वर्ग हे देतील:

"माननीय मुख्याध्यापक, आमच्या वर्गाचे या महिन्यात संपामुळे इतके दिवस आणि इतर सरकारी कामांमुळे इतके दिवस शिकवणे झाले नाही. तारखा सोबत जोडल्या आहेत. हे तास कोणत्या दिवशी भरून मिळतील ते लेखी कळवावे. संप कशासाठी आहे ते आमच्या शिक्षकांनी वर्गात येऊन आम्हाला सांगावे, आमचे प्रश्नही ऐकावेत. बंदच्या काळात सकाळी आठ ते दहा आम्ही समाजमंदिरात खालच्या वर्गांचा अभ्यास घेत आहोत, त्यासाठी ग्रंथालयाची किल्ली मिळावी."

नववी ब

किल्लीचं मला सुचलं नसतं.

बांधावरून

जेवणाचं राहिलं ताई. त्या भत्त्याची ओळ घाल. आमच्या गावचं पत्र मी समितीत वाचतो, बैठक शुक्रवारी आहे.